ओढणारी चाकं आणि निसरडा रस्ता



वाळवा तालुक्यातल्या आमच्या एका गटाला मसाले आणि पापड बाजारात पोचवण्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. कर्जाचं जमलं, दोन-तीन गाड्या बघूनही झाल्या, आणि बोलणी अडली एका वाक्यावर. गाडी दाखवणाऱ्यानं बायकांना सांगितलं, "ताई, ही फ्रंट व्हील आहे. चिखलात घसरत नाही. मनालीच्या बर्फातसुद्धा चालते." गटातल्या एकीनं बैठकीत सरळ विचारलं, फ्रंट व्हील म्हणजे काय, आणि ती खरंच घसरत नाही का? बर्फाशी आपला काय संबंध, असं म्हणून बाकीच्या हसल्या. पण उत्तर मात्र कुणालाच देता आलं नाही.

मग आम्ही समन्वयक बायकांनी हा विषय हातात घेतला. गॅरेजवाल्यांना विचारलं, फौजेत गाडी चालवून निवृत्त झालेल्या माणसांना विचारलं, थोडं वाचलं. आजचं बोलणं त्यातूनच आलेलं आहे. गाडी तुमच्या नावावर असो, तुम्ही ती चालवत असा किंवा नुसत्या वडापमध्ये मागच्या सीटवर बसत असा, हे ऐकून ठेवा. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं तरी जीव आपलाच असतो.

आणि बर्फाशी आपला संबंध नाही, असं तरी कसं म्हणायचं? सातारा जिल्हा म्हणजे फौजी जिल्हा. अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. आपल्या कितीतरी घरांतले भाऊ, दीर, मुलगे काश्मीर-लडाखच्या रस्त्यांवर आहेत. सांगलीकडच्या खानापूर, आटपाडी, तासगाव तालुक्यांतली गलाई धंद्यातली कुटुंबं देशभर पसरली आहेत. शिकलेल्या लेकी-सुना कॅनडा, जर्मनीत नांदतात आणि फोनवर सांगतात, "आई, आज गाडी बर्फात अडकली." इथं आपल्याकडं थंडी कडक पडली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ दव गोठतं, गाड्यांच्या टपावर पांढरा थर बसतो, आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. रस्ता काही त्यामुळं गोठत नाही. आपला बर्फ वेगळाच आहे, तो उसाच्या हंगामात पडतो. त्याकडं येऊच.

आधी चाकांचं बघू. गाडीला चार चाकं असली तरी इंजिनाची ताकद बहुतेक गाड्यांत दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन नुसती सोबत पळतात. एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, रिक्षा, छोटा हत्ती, ओमनी, ईको, आणि वडापला चालणाऱ्या बहुतेक जुन्या जीप, या सगळ्यांत ताकद मागच्या चाकांना जाते. म्हणजे मागची चाकं गाडी पुढं ढकलतात. पूर्वीच्या अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी गाड्याही अशाच होत्या. १९८३ साली मारुती ८०० आली, आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आपल्याकडं घरोघरी ओळखीची झाली. आज अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, अर्टिगा, आय-टेन, टियागो या सगळ्या ओढणाऱ्याच. यालाच फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणतात. तेव्हा 'फ्रंट व्हील' ही काही त्या विक्रेत्याच्या गाडीची खास करामत नाही. रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त छोट्या कार तशाच असतात.

आता निसरड्या रस्त्यावर ओढणारी गाडी बरी का म्हणतात? याचं कारण वजनात आहे. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, चाकाला लोखंडी वजनं लावतात, हे तुम्ही बघितलेलं आहे. चाकावर भार असला की चाक जमिनीला धरतं. भार नसला की जागच्या जागी गरगरतं. ओढणाऱ्या कारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढं, बरोबर ओढणाऱ्या चाकांवर बसलेले असतात. रिकाम्या गाडीचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर असतं. म्हणून गाडीत एकटा ड्रायव्हर असला तरी ती चिखलातून किंवा पातळ बर्फातून निघते. याउलट रिकामा पिकअप बघा. मागं हौद्यात काही नाही, मागची चाकं हलकी, आणि ताकद सगळी त्याच चाकांना. ओल्या चढावर तो शेपूट हलवत उभा राहतो. त्याच पिकअपमध्ये दहा पोती भरली की तो शहाण्यासारखा चढतो. ड्रायव्हर लोक रिकाम्या गाडीत मागं वाळूची पोती टाकतात ती उगाच नाही.

इतपत विक्रेत्याचं म्हणणं खरं. गाडी जागची हलण्यापुरतं, पुढं निघण्यापुरतं खरं.

पण गाडी निघाली म्हणजे झालं का? तिला वळायचं असतं, थांबायचं असतं. आणि इथं आम्हाला आपली बचत गटाची पेटी आठवते.

टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो साधारण आपल्या तळहाताएवढा. त्या चार तळहातांवर सगळी गाडी. तिथं रस्त्याची जी पकड मिळते ती पेटीतल्या रकमेसारखी असते, तिला हद्द असते. कोरड्या डांबरावर पेटीत हजार रुपये आहेत असं धरा. पावसानं ओल्या झालेल्या डांबरावर त्याचे साडेपाचशे-सहाशे होतात. दाबून बसलेल्या बर्फावर तीनशेच्या आत. आणि पाणी गोठून काचेसारखा झालेला बर्फ असेल तर जेमतेम शंभर-दीडशे. या पेटीतून कर्ज मागणारे तिघं आहेत: ओढणं, वळणं आणि थांबणं. एकाला सगळी रक्कम देऊन टाकली की दुसऱ्याला द्यायला काही उरत नाही. कोरड्या रस्त्यावर हा हिशेब कधी कळतच नाही, कारण पेटी भरलेली असते. निसरड्यावर तो पहिल्याच वळणावर कळतो.

ढकलणाऱ्या गाडीत ओढण्याचा, म्हणजे गाडी पुढं नेण्याचा खर्च मागच्या चाकांच्या पेटीतून होतो आणि वळण्याचा पुढच्या. ओढणाऱ्या गाडीत मात्र तिन्ही खर्च पुढच्याच पेटीवर येतात. ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच, आणि ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं झुकतं म्हणून थांबवायचं जास्त कामही त्यांचंच. घरातल्या थोरल्या सुनेसारखं. त्यामुळं निसरड्या वळणावर कुणी रेस दिली किंवा घाबरून ब्रेक दाबला, की पुढच्या चाकांकडं वळायला काही उरत नाही. स्टिअरिंग डावीकडं फिरवलेलं असतं, चाकंही डावीकडं वळलेली दिसतात, आणि गाडी मात्र सरळ पुढंच जात राहते. घाटात सरळ पुढं काय असतं हे तुम्हाला सांगायला नको.

असं झालं की माणूस काय करतो? आणखी स्टिअरिंग फिरवतो आणि आणखी ब्रेक दाबतो. दोन्ही उलटच पडतं. पेटी रिकामी असताना मागणी वाढवून काय उपयोग? रेसवरचा पाय हळूच उचलायचा, ब्रेक दाबलेला असेल तर सैल करायचा, स्टिअरिंग आणखी न वळवता उलट किंचित सरळ करायचं. क्षणभर थांबलं की चाकांना परत पकड मिळते, आणि मग गाडी वळते. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण समोर दरी दिसत असताना स्टिअरिंग सरळ करायला मन धजत नाही. म्हणून खरं काम वळणाच्या आधीच करायचं. ब्रेक वळणाच्या अलीकडं, सरळ रस्त्यावर मारून घ्यायचा. वळणात फक्त वळायचं. वळून सरळ झालो की मग रेस. एका वेळी एकच खर्च.

आता थांबण्याचं माप ऐका. आम्ही हे शाळेतल्या गणितासारखं मांडून बघितलं. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ३० फुटांत थांबते. ओल्या डांबरावर ५० फूट लागतात. दाबलेल्या बर्फावर १००. काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर २०० फूट. एक एसटी साधारण ३५ ते ४० फूट लांब असते, म्हणजे पाच एसट्या ओळीनं उभ्या केल्या एवढं अंतर गाडी ब्रेक लागलेला असतानाही घसरत जाते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात आणखी ३५ फूट निघून गेलेले असतात.

या हिशेबात गाडी ओढणारी आहे की ढकलणारी, याला जागाच नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना लागतो. फोर बाय फोर म्हणून मिरवणाऱ्या मोठ्या गाड्यांचंही तेच. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून त्या चढतात झकास, पण थांबताना त्यांच्याकडंही तेच चार तळहात असतात, आणि वजन मात्र जास्त. बर्फाच्या प्रदेशात रस्त्याच्या कडेला कलंडलेल्या गाड्यांत अशा मोठ्या गाड्याही असतात, असं आमच्याशी बोललेल्या फौजी काकांनी हसत सांगितलं. सहज निघता आलं की माणसाला वाटतं रस्ता चांगला आहे. त्याला रस्त्याचा खरा अंदाज ब्रेक मारल्यावरच येतो. आमच्या मते 'घसरत नाही' या शब्दांत धोका आहे तो हाच.

वेगाचा हिशेब मात्र आपल्या बाजूनं आहे. वेग निम्मा केला की थांबण्याचं अंतर निम्मं नाही, पाव होतं. बर्फावरचे ते २०० फूट ताशी २० च्या वेगात ५० वर येतात. वडापवाल्याला "दादा, जरा हळू" म्हणताना लाजू नका. तुमच्यामागं गणित उभं आहे.

आता आपल्या बर्फाकडं येऊ. गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या गावांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. वाळवा, पलूस, मिरज, कऱ्हाड, सगळीकडं काळी माती. फडातून, पाणंदीतून ट्रॉली डांबरावर येते तेव्हा टायरला चिकटलेला चिखल शे-दोनशे फूट रस्त्यावर पसरत जाते. वर पाचट पडतं. रात्रीतून त्यावर दव. पहाटे दूध घालायला निघालेला माणूस, सकाळी सातच्या बसला निघालेली शाळेची पोरं, सगळे त्या पट्ट्यावरून जातात. दिवसा उन्हानं तो चिखल वाळून फुफाटा होतो आणि धोका नाहीसा झाल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो परत ओला. चिखलाच्या घसरणीचं ठरलेलं माप नसतं, पण डांबरावर पसरलेला काळ्या मातीचा ओला थर नुसत्या पावसाच्या पाण्यापेक्षा वाईट, कधी कधी बर्फाच्या जवळ जाणारा. फरक एवढाच की बर्फाच्या देशात सगळा रस्ताच पांढरा दिसतो म्हणून माणूस सावध असतो. आपल्याकडं चांगल्या कोरड्या रस्त्यावर मध्येच असा एक पट्टा येतो.

बर्फाच्या देशातही असा लपलेला पट्टा असतो. डांबरावर पाण्याचा पातळ थर गोठतो, तो इतका पारदर्शक की खालचं काळं डांबरच दिसतं. रस्ता नुसता ओला असेल असं वाटतं. तिकडं त्याला 'काळा बर्फ' म्हणतात. तो पुलांवर आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर, जिथं दुपारपर्यंत ऊन पोचत नाही. आपल्या घाटांतही सावलीच्या वळणावरच शेवाळ धरतं, तसंच ते. जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागांत पाऊस लांबला की रस्त्याच्या कडेला हिरवा थर बसतो. समोरून गाडी आली म्हणून बाजू देताना डावी चाकं त्या थरावर गेली, आणि उजवी डांबरावर राहिली, की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जाते. माण, खटाव, आटपाडीकडं पाऊस कमी म्हणून तिथल्या बायकांनी निश्चिंत राहू नये. महिनोन्महिने रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल पहिल्या सरीत एकत्र होतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं तो रस्ता साबणासारखा असतो. जोराचा पाऊस पडून गेला की धुऊन निघतो.

घाटाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण पसरणीचा घाट असो, यवतेश्वरचा असो की कोयनेकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली, आपलं जाणं-येणं त्यातूनच आहे.

चढताना गाडीचं वजन मागं सरकतं. ढकलणाऱ्या गाडीला हे फायद्याचं. ओढणाऱ्या गाडीची मात्र पुढची चाकं हलकी होतात, नेमकी ताकद लागते तेव्हाच. त्यात मागच्या सीटवर तीन जणी आणि डिकीत मसाल्याची खोकी ठासून भरलेली असतील तर पुढचं तोंड आणखी हलकं. ओल्या चढावर अशी गाडी जागीच चाक फिरवते, जळक्या रबराचा वास येतो, आणि मागच्या एसटीचा हॉर्न सुरू होतो. गटाच्या गाडीत माल भरताना जड डबे डिकीच्या टोकाला न ठेवता जितके पुढं घेता येतील तितके घ्या, मागची सीट पाडून पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. चढावर एकदा थांबलं की परत निघणं अवघड, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून संथ पण न थांबता चढायचं. पाणंदीतल्या निसरड्या छोट्या चढावर काही जण ओढणारी गाडी रिव्हर्समध्ये चढवतात. त्यानं भार ओढणाऱ्या चाकांकडं येतो, तेव्हा युक्ती खोटी नाही. पण ती शेताच्या वाटेपुरतीच, घाटात नाही.

उतरताना वजन पुढच्या चाकांवर येतं, पकड थोडी वाढते, पण काम त्याहून जास्त वाढतं. गिअर उतार सुरू होण्याआधीच खाली घ्यायचा, दुसरा किंवा तिसरा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं. निसरड्या उतारावर मध्येच एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटक्यानं सोडला, तर पुढची चाकं क्षणभर अडल्यासारखी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. हँडब्रेक तर वळणात ओढूच नये. तो मागच्या चाकांना लागतो, आणि मागची चाकं अडकली की गाडी स्वतःभोवती फिरते. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे महाभाग आपल्या प्रत्येक गावात आहेत. कुणी इंजिनच बंद करतं. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते, पाय रेटावा लागतो. दहा रुपयांच्या पेट्रोलसाठी घाटात हा खेळ करणाऱ्याच्या गाडीत बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही बसत नाही.

नव्या गाड्यांत एबीएस असतं. आपल्या देशात २०१९ च्या एप्रिलपासून नव्या कारमध्ये ते सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तरी ते चाकं पूर्ण अडकू देत नाही, सोड-धर करत राहतं, म्हणजे ब्रेक लागलेला असतानाही थोडंफार वळता येतं. तेव्हा पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. गाडी मोडली असं वाटून कितीजण पाय काढतात. काढायचा नाही, दाबून धरायचा. मात्र भुसभुशीत बर्फावर किंवा सैल खडीवर एबीएसमुळं थांबायला उलट थोडं जास्त अंतर लागू शकतं. जुन्या गाडीत एबीएस नसेल तर पायानंच हळू दाब, सोड, दाब असं करावं लागतं.

गाडी चिखलात रुतली तर? आपल्याकडं सवय अशी की चार माणसं मागं धावतात आणि मागच्या चाकाखाली दगड घालतात. ओढणाऱ्या गाडीत मागच्या चाकाखाली कितीही दगड घाला, ती चाकं ओढतच नाहीत. गोणपाट, पाचट, खडी, जे काही असेल ते पुढच्या चाकांसमोर घालायचं. ईको किंवा पिकअप असेल तर मागच्या. आणि एक चाक गरगर फिरतंय आणि शेजारचं गप्प बसलंय, असं दिसलं तर रेस वाढवून उपयोग नाही. साध्या गाडीत ताकद सोप्या वाटेनं जाते, जे चाक सहज फिरतं त्यालाच मिळते. जितकं फिरवाल तितका खड्डा खोल होतो. चाकं सरळ करायची, जमलं तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायचा, म्हणजे चाकाला झटका बसत नाही. मागच्या सीटवरच्यांनी खाली उतरायचं. ढकलणाऱ्यांनी फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, दगड बंदुकीच्या गोळीसारखा उडतो.

बर्फातही हीच रीत. तिकडचे लोक गाडीत वाळूची पिशवी आणि फावडं ठेवतात. चाकांना लोखंडी साखळ्या बांधायच्या असतील तर ओढणाऱ्या गाडीत त्या पुढच्या चाकांना बांधतात. सहलीला गेलेली मंडळी भाड्यानं आणलेल्या साखळ्या मागच्या चाकांना बांधायला निघाली तर त्यांना अडवा.

हल्ली आपल्याकडून मनालीला सहली फार जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, आणि पूर्वी हिवाळ्यात बंद असणाऱ्या भागात साध्या कारनंही पोचता येऊ लागलं. बर्फ पडला की पोलीस सोलंगपासून पुढं बहुतेकदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. लोक त्यावरून वाद घालतात, लांबून आलोय म्हणतात. बोगद्याच्या तोंडापासून खाली उतार आहे आणि त्यावर सकाळी बर्फ गोठलेला असतो. आता तुम्हाला त्या २०० फुटांचा हिशेब माहीत आहे, तेव्हा पोलिसाशी वाद घालणाऱ्या आपल्या माणसाला गप्प बसवा.

आणि बर्फात अडकलात तर इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फ बघायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्रभर वादळात अडकल्या. वीसहून जास्त माणसं गाड्यांतच गेली. बर्फानं सायलेन्सर बुजला की इंजिनाचा विषारी वायू आत शिरतो. त्याला वास नसतो, झोप येते आणि माणूस उठत नाही. आपण बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपू नये म्हणतो, त्याच जातीचा हा धोका. सायलेन्सरजवळचा बर्फ काढत राहायचा, इंजिन थोडा वेळच चालवायचं, काच बोटभर उघडी ठेवायची.

परदेशातल्या लेकींनी सांगितलेली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तिकडं हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की साधं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानं लावावेच लागतात. बर्फ पडलेला असताना जर्मनीतही तसा नियम आहे. त्या देशांत बऱ्याच घरांत साध्या ओढणाऱ्या कार असतात, आणि लोक त्याच गाड्या घेऊन सगळा हिवाळा कामावर जातात. गाडी कुठल्या चाकांनी चालते यापेक्षा चाकांवर काय चढवलंय, याला तिकडं जास्त किंमत आहे.

तेव्हा वाळव्याच्या मैत्रिणींना आम्ही सांगितलं ते असं. रोज माल भरूनच जायचं असेल तर मागच्या चाकांवर चालणारी छोटी व्हॅन वाईट नाही, भार मागंच असतो. कधी माल, कधी बैठकीला चार बायका, कधी दवाखाना, असं असेल तर ओढणारी कार बरी. पण किंमत ठरवण्याआधी खाली वाकून टायर बघा. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर तो टायर पावसात कामाचा नाही. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात. ३५२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. खाचा खोल दिसल्या तरी आठ-दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात असे टायर काळं पॉलिश मारून चमकवलेले सापडतात. एबीएस आहे का, तेही विचारा. गाडी सुरू करताना त्याचा दिवा लागून विझतो. लागलाच नाही, किंवा लागला आणि विझलाच नाही, तर आधी मेकॅनिकला दाखवा.

शेवटचा प्रश्न त्यांनीच विचारला: पैसे दोनच नव्या टायरपुरते असले तर ते पुढं लावायचे ना, ओढतात म्हणून? गॅरेजमध्येही बरेचजण तसंच लावून देतात. पण टायर बनवणारे सांगतात की नवे दोन मागं लावा, गाडी कुठल्याही चाकांनी चालणारी असो. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की परत हातात येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं सराईत ड्रायव्हरलाही जमेलच असं नाही. पुढचे जुने टायर मात्र त्या १.६ च्या खुणेच्या बरेच वर असायला हवेत. नसतील तर दोनावर भागत नाही, चार घ्यावे लागतात, आणि तो खर्च गाडीच्या किमतीतून आधीच कमी करून मागायचा.